एका सूर्योदयाची हकीकत



आज ज्या चित्राविषयी बोलावयाचे आहे ते आकाराने अगदी लहान आहे. उंची ४८ सेंटिमीटर, रुंदी ६३ सेंटिमीटर; म्हणजे आपल्या दिवाणखान्यातील एखाद्या मध्यम तसबिरीएवढे. त्यात कोणी राजा नाही, देवता नाही, लढाई नाही. एक बंदर आहे, त्यावर पहाटेचे धुके आहे, दोन-तीन होड्या आहेत आणि धुक्यातून वर येणारा एक नारिंगी सूर्य आहे. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने ते काढले. चित्राच्या कोपऱ्यात त्याच्या सहीशेजारी १८७२ हे साल आहे. १८७४ मध्ये पॅरिसच्या लोकांपुढे ते मांडले गेले तेव्हा त्याचे नाव होते ‘इंप्रेशन, सूर्योदय’. त्या नावावरून पुढे एका सबंध कलासंप्रदायाला नाव पडले. मराठीत त्या संप्रदायाला आपण दृक्प्रत्ययवाद म्हणतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला या चित्राची गोडी वाटते ती दोन प्रश्नांमुळे. सूर्य रोज उगवतो आणि माणूस तो रोज पाहतो. मग डोळ्यांवर उमटणारा उजेडाचा प्रत्यय कापडावर उतरवावयास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध का उजाडावा लागला? आणि कोणी तो उतरवला तेव्हा पॅरिससारख्या रसिक शहराने त्याची टवाळी का केली? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. ती सोडवून पाहण्याचा आज आपण प्रयत्न करू.

प्रथम चित्रकाराची अडचण लक्षात घ्या. त्याच्या पेटीत सगळे रंग असतात, पण सूर्य नसतो. त्याच्याजवळचा सर्वांत उजळ पदार्थ म्हणजे पांढरा रंग. आणि तो पांढरा रंगही स्वतः प्रकाशत नाही, खोलीतला जो उजेड त्याच्यावर पडेल तेवढाच तो परत देतो. आकाशातील सूर्य आणि बंदरातील सावली यांच्या तेजात जे प्रचंड अंतर असते, त्याचा अल्पसा अंशही पांढऱ्या आणि काळ्या रंगांच्या अंतरात मावत नाही. तेव्हा सूर्य रंगवू पाहणारा प्रत्येक चित्रकार आरंभीच हरलेला असतो. त्याला काहीतरी युक्ती करावी लागते.

जुन्या चित्रकारांची युक्ती कोणती होती? सतराव्या शतकात क्लोद लोरँ नावाचा एक थोर निसर्गचित्रकार होऊन गेला. तो जन्माने लोरेन प्रांतातला. आयुष्य त्याने रोममध्ये काढले. शेबाची राणी जहाजावर चढण्यास निघाली आहे, असे एक बंदराचे चित्र त्याने १६४८ साली काढले. चित्राच्या मध्यभागी, समुद्रावर, सूर्य आहे. दोन्ही बाजूंना उंच इमारती, खांब आणि जहाजे यांच्या गडद आकृती उभ्या करून मधली जागा त्याने उजळ ठेवली. दिव्यामागे अंधारी भिंत असली म्हणजे दिवा अधिक तेजस्वी भासतो, तसाच हा प्रकार. पुढे इंग्लंडातील टर्नर हा लोरँचा मोठा भक्त निघाला. १८१५ साली त्याने डायडो राणी कार्थेज नगरी वसवीत असल्याचे चित्र काढले, आणि मृत्युपत्रात अशी अट घातली की, आपली दोन चित्रे लंडनच्या नॅशनल गॅलरीत लोरँच्या दोन चित्रांशेजारी टांगावीत. टर्नरने धुके आणि तेज यांची अशी काही मिसळ केली की, लोरँच्या इमारतीही त्यात विरघळू लागल्या. तरीही दोघांचे मूळ सूत्र एकच होते: सूर्य म्हणजे चित्रातील सर्वांत उजळ ठिकाण. हे सूत्र इतके स्वाभाविक आहे की, ते मोडता येईल अशी शंकाही कोणाला येऊ नये.

मोनेने ते मोडले. पण ते एका रात्रीत घडले नाही, आणि एकट्या माणसाच्या लहरीनेही घडले नाही.

मोनेचा जन्म १८४० साली पॅरिसला झाला. त्याचे बालपण मात्र ल हाव्र या बंदरात गेले. सेन नदी समुद्राला मिळते त्या ठिकाणचे हे बंदर. अमेरिकेकडे जाणाऱ्या आगबोटी तेथून सुटत. तरुण मोने तेथे लोकांची व्यंगचित्रे काढून पैसे मिळवी. त्याच गावात यूजेन बूदँ नावाचा चित्रकार राहत असे. खोलीत बसून निसर्ग रंगवण्यापेक्षा समुद्राकाठी उभे राहून आकाश रंगवावे, अशा मताचा तो होता. त्याने या पोराला बरोबर नेले, आणि आपले डोळे बूदँने उघडले, असे मोने पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

उघड्यावर बसून तैलरंगात काम करणे हे त्यापूर्वी फार कष्टाचे होते. रंग कुटून तेलात खलावे लागत, आणि ते डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून न्यावे लागत. पिशवीला भोक पाडले की रंग सुकू लागे. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या नळीचे पेटंट घेतले आणि रंगांची दुकाने खिशात मावू लागली. १८४७ साली आगगाडी पॅरिसहून ल हाव्रपर्यंत पोचली. रसायनशाळांतून स्वस्त अल्ट्रामरीन, कोबाल्ट निळा, क्रोमचे पिवळे, पाचूसारखा हिरवा असे नवे स्वच्छ रंग बाजारात आले. कलेच्या इतिहासात आपण प्रतिभेचे गुणगान करतो आणि ते योग्यच आहे. पण नळी, आगगाडी आणि रसायन यांच्यावाचून ही प्रतिभा बंदराच्या खिडकीपर्यंत पोचती ना, हेही विसरून चालणार नाही.

आणखी एक साहाय्य विणकरांच्या कारखान्यातून आले. पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा सरकारी गालिचांचा कारखाना होता. १८२४ साली तेथील रंगाईच्या कामावर शव्रल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. लगेच तक्रार आली की, काळे सूत हवे तसे काळे उठत नाही. शव्रलने तपास केला. सुताचा रंग उत्तम होता. दोष शेजाऱ्यांचा होता. काळ्याजवळ निळे-जांभळे सूत आले की काळ्याचा जोर उतरलेला दिसे. त्यावरून त्याने नियम काढला, आणि १८३९ साली तो ग्रंथरूपाने मांडला: दोन रंग शेजारी ठेवले की ते एकमेकांचे रूप बदलतात. निळ्याजवळ नारिंगी ठेवा, दोघेही पेटून उठतात. रंगाला एकट्याने स्वभाव नसतो, शेजाराने असतो. असे शव्रलच्या शोधाचे सार सांगता येईल.

मोनेने हा ग्रंथ वाचला होता किंवा नाही याला फारसे महत्त्व नाही. डोळ्यांनी तो त्याच ठिकाणी पोचत होता. १८६८-६९ च्या हिवाळ्यात त्याने बर्फाने झाकलेल्या एका शेताचे चित्र काढले. फाटकावर एक पक्षी बसला आहे, आणि कुंपणाची सावली बर्फावर पडली आहे. ती सावली त्याने निळी रंगवली. सावली काळी किंवा तपकिरी असते, हे चित्रशाळेत शिकवले जाई. पण उन्हाच्या दिवशी सावलीत पडणारा उजेड निळ्या आकाशाचाच असतो. पांढऱ्या बर्फावर तो निळाच दिसणार. हे चित्र त्याने पॅरिसच्या वार्षिक राजमान्य प्रदर्शनाकडे, म्हणजे ‘सालों’कडे, १८६९ साली पाठवले. परीक्षकांनी ते परत केले. पुढच्याही वर्षी त्याची चित्रे नाकारली गेली. त्या काळी सालोंमध्ये चित्र लागले नाही, तर गिऱ्हाईक मिळणे कठीण. तेव्हा सावली निळी की काळी हा वाद केवळ विद्वानांचा नव्हता. चित्रकाराच्या घरची चूल त्यावर अवलंबून होती.

अशात १८७० च्या जुलैमध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले. मोने बायकोमुलासह लंडनला निघून गेला. त्याचा जिवलग मित्र बाझील हाही चित्रकारच होता. तो सैन्यात गेला आणि नोव्हेंबरात लढाईत पडला. फ्रान्सचा दारुण पराभव झाला, आल्सेस व लोरेनचा मोठा भाग गेला, पाचशे कोटी फ्रँकांची खंडणी डोक्यावर बसली, आणि १८७१ च्या वसंतात पॅरिस कम्यूनच्या रक्तपातात न्हाऊन निघाले. लंडनमध्ये मोने आणि त्याचा स्नेही पिसारो यांनी टर्नरची चित्रे पाहिली आणि टेम्स नदीवरचे धुके पाहिले. तेथेच द्यूरां-रूएल या चित्रव्यापाऱ्याची ओळख झाली. पुढे या मंडळींना उपासमारीतून वाचवण्यात त्याचा वाटा मोठा होता.

युद्धानंतर मोने स्वदेशी परतला आणि एका हिवाळी पहाटे ल हाव्रच्या धक्क्यावरील एका हॉटेलच्या खिडकीशी उभा राहिला. त्या पहाटेचा माग पुढे संशोधकांनी काढला. २०१४ साली डोनाल्ड ओल्सन या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने सूर्याची दिशा व उंची, भरतीची वेळ आणि हवामानाच्या नोंदी यांचा मेळ घातला. चित्राच्या मध्यभागी बंदराच्या गोदीचे दरवाजे उघडे दिसतात आणि ते भरतीच्या वेळीच उघडत, हा त्यातील एक दुवा. निष्कर्ष असा निघाला की, हा देखावा बहुधा १३ नोव्हेंबर १८७२ च्या सकाळी साडेसातच्या सुमाराचा, सूर्य उगवून वीस-तीस मिनिटे झाली असतानाचा असावा. काही जुन्या मंडळींनी या चित्राला सूर्यास्त ठरवले होते. ती शंका त्यामुळे मिटली.

आता चित्राकडे वळू. सबंध पट निळसर-करड्या रंगाने भरला आहे. रंग इतका पातळ लावला आहे की काही ठिकाणी कापड दिसते. डावीकडे जहाजांच्या डोलकाठ्या आणि धुराडी, उजवीकडे माल उचलण्याच्या याऱ्या. सारे धुक्यात अर्धवट विरलेले. पुढे एक होडी गडद, तिच्यामागची फिकी, त्यामागची जवळजवळ नाहीशी. होड्यांच्या या तिरप्या ओळीनेच आपण पाण्याची खोली मोजतो. आणि या सर्वांत एक नारिंगी टिकली, व तिच्याखाली पाण्यात हेलकावणारे नारिंगी फटकारे. एवढाच ऐवज. तरीसुद्धा सूर्य असा धगधगतो की, पाहणाऱ्याला तो थरथरतो आहे असा भास होतो.

याचे रहस्य तपासावयाचे असेल तर एक सोपा प्रयोग करा. या चित्राची चांगली छापील प्रत घ्या आणि तिचे रंग काढून टाकलेले, काळे-पांढरे छायाचित्र पाहा. सूर्य जवळजवळ नाहीसा झालेला आढळेल! याचा अर्थ काय? अर्थ असा की, मोनेचा सूर्य भोवतालच्या आकाशापेक्षा उजळ नाहीच. त्याचे तेज आकाशाच्या तेजाइतकेच आहे. फरक आहे तो फक्त रंगाचा.

हार्वर्ड विद्यापीठातील मार्गारेट लिव्हिंग्स्टन या विदुषीने दृष्टीच्या शरीरशास्त्राच्या आधारे याचा उलगडा केला आहे. आपल्या मेंदूत पाहण्याचे काम एकच यंत्रणा करीत नाही. एक यंत्रणा उजेड-अंधाराचा भेद जाणते. वस्तू कोठे आहे, हलते आहे की स्थिर आहे, हे ती ठरवते, पण तिला रंग कळत नाहीत. दुसरी रंग ओळखते. मोनेचा सूर्य दुसरीला लख्ख दिसतो आणि पहिलीला जवळपास दिसतच नाही. एक साक्षीदार म्हणतो, येथे सूर्य आहे. दुसरा म्हणतो, मला तर कोणी दिसले नाही. या विसंवादामुळे सूर्याची जागा पक्की ठरत नाही आणि तो स्पंदन पावतो असे वाटते.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो रास्त आहे. धुक्यातला सूर्य मंद झालेला असला, उघड्या डोळ्यांनी पाहण्याजोगा असला, तरी प्रत्यक्षात तो भोवतालच्या धुक्याहून उजळ असतोच. मग मोनेने निसर्गाशी इमान राखले असे कसे म्हणावयाचे? याचे उत्तर त्याच्या शीर्षकात आहे. क्षितिजाजवळच्या सूर्याचे किरण हवेच्या जाड थरातून येतात. वाटेत निळा प्रकाश विखुरतो आणि नारिंगी तेवढा सरळ पोचतो. म्हणजे निळ्या धुक्यात नारिंगी सूर्य ही निसर्गाचीच योजना. सूर्याचे तेज किती, हे मोजून कापडावर आणणे अशक्य होते. पण तेज पाहताना मनावर जो ठसा उमटतो तो उमटवणे शक्य होते. ‘इंप्रेशन’ म्हणजे हा ठसा, हा प्रत्यय. लोरँ आणि टर्नर यांनी सूर्याशी तेजाची स्पर्धा केली. मोनेने ती स्पर्धा सोडून दिली आणि रंगाच्या नात्यातून तोच परिणाम साधला. माझ्या मते या चित्राची सारी थोरवी या एका निर्णयात आहे.

मग लोक हसले का? मोने, रन्वार, दगा, पिसारो, सिस्ले, सेझान, बेर्त मोरिसो आदी तीसएक कलावंतांनी मंडळी स्थापून सालोंच्या बाहेर स्वतःचे प्रदर्शन भरवले. नादार या प्रसिद्ध छायाचित्रकाराच्या रिकाम्या झालेल्या जागेत, १५ एप्रिल १८७४ पासून महिनाभर ते चालले. प्रवेशमूल्य एक फ्रँक. महिन्यात सुमारे साडेतीन हजार माणसे आली. २५ एप्रिलला ‘ल शारिव्हारी’ या विनोदी पत्रात लुई लरवा याचा लेख आला. त्याने एका जुन्या वळणाच्या चित्रकाराचे काल्पनिक पात्र घेऊन त्याला प्रदर्शनातून फिरवले. मोनेच्या सूर्योदयापुढे त्या पात्राच्या तोंडी असे वाक्य घातले की, भिंतीला लावावयाच्या कागदाची कच्ची नक्षीसुद्धा याहून अधिक पुरी झालेली असते. ‘इंप्रेशनिस्ट’ हे नाव या लेखामुळे चालू झाले. ते शिवीसारखे होते. परंतु चारच दिवसांनी कास्तान्यारी या टीकाकाराने तेच नाव गंभीरपणे वापरले आणि सांगितले की, ही मंडळी देखावा रंगवीत नाहीत, देखाव्याने जागवलेली संवेदना रंगवतात.

लरवा हा अडाणी मनुष्य नव्हता; तो स्वतः चित्रकार आणि खोदकाम करणारा होता. त्याच्या पिढीला असे वळण लागले होते की, चित्र म्हणजे गुळगुळीत, पुरे केलेले, कुंचल्याची खूण न दिसणारे काम. त्या कसोटीने पाहिले तर मोनेचे चित्र खरोखरच कच्चे आहे. चूक डोळ्यांची नव्हती, कसोटीची होती. डोळ्यांपुढे जे आहे ते न पाहता, जे असावयास पाहिजे असे शिकवले गेले तेच शोधणे, हा केवळ पॅरिसकरांचा दोष नव्हे. तो शिकलेल्या माणसांचा सार्वत्रिक दोष आहे.

टवाळीची किंमत कलावंतांना रोखीने मोजावी लागली. वर्षअखेर हिशेब झाला तेव्हा मंडळीच्या प्रत्येक सभासदाच्या वाट्याला १८४ फ्रँक ५० सांतीम देणे आले आणि मंडळी मोडली. सूर्योदयाचे चित्र एर्नेस्त ओशदे या व्यापाऱ्याने ८०० फ्रँकांना घेतले. त्याचे दिवाळे निघाले आणि १८७८ च्या लिलावात तेच चित्र २१० फ्रँकांना गेले. घेणारे होते जॉर्ज द बेलिओ, मूळचे रुमानियाचे डॉक्टर. त्यांच्या मुलीकडून १९४० साली ते पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयाकडे आले.

काही विद्वान या चित्रात पराभूत फ्रान्सची उभारणी पाहतात. धुराडी पेटली आहेत, याऱ्या उभ्या आहेत, भल्या पहाटे बंदर कामाला लागले आहे. सूर्योदय हा राष्ट्राचाही आहे, असे ते म्हणतात. चित्रावरून हे सिद्ध करता येणार नाही. पण मित्र गमावलेला, परदेशातून परतलेला चित्रकार आपल्या बालपणीच्या बंदरात कारखान्यांचा धूर आणि धुके यांत भेद न करता दोन्ही सारख्याच मायेने रंगवतो, हे मात्र चित्रात उघड दिसते. जुन्या चित्रकारांना सूर्यापुढे राणी आणि राजवाडा लागे. मोनेला नावाडी आणि याऱ्या पुरल्या. सूर्य सगळ्यांवर सारखाच उगवतो, हे सांगावयास त्याला वेगळे व्याख्यान द्यावे लागले नाही.

पुढे मोनेने हाच धागा वाढवला. १८९०-९१ मध्ये त्याने गवताच्या गंजींची मालिका रंगवली, तर १८९२ पासून रूआंच्या कॅथेड्रलची. गंजी त्याच, भिंत तीच. सकाळ, दुपार, धुके, हिम यांप्रमाणे चित्र मात्र दरवेळी निराळे. १९२६ साली तो वारला तेव्हा त्याची टवाळी करणारे फारसे कोणी उरले नव्हते.

चित्राच्या नशिबी आणखी एक वनवास होता. २७ ऑक्टोबर १९८५ रोजी शस्त्रधारी चोरांनी भरदिवसा मार्मोतां संग्रहालयातून नऊ चित्रे पळवली, त्यांत हेही होते. १९९० च्या डिसेंबरात ती कॉर्सिका बेटावर सापडली. आज ते पुन्हा आपल्या जागी आहे. त्या पहिल्या प्रदर्शनाला १५० वर्षे झाली म्हणून २०२४ साली पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयाने भरवलेल्या सोहळ्यातही ते मानाने मांडले गेले.

ज्या खिडकीतून मोनेने पाहिले ती खिडकी मात्र आता नाही. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४४ मधील बाँबवर्षावात ल हाव्रचा मध्यभाग जमीनदोस्त झाला आणि आजचे शहर नव्याने बांधलेले आहे. हॉटेल गेले, धक्का बदलला, डोलकाठ्यांची जहाजे तर केव्हाच गेली. निळ्याशेजारी नारिंगी ठेवल्याने उगवलेला तो सूर्य तेवढा अजून वर आहे. उद्या पहाटे आपल्यापैकी कोणी लवकर उठले, तर सूर्याकडे पाहण्यापूर्वी त्याने क्षणभर त्याच्या भोवतालच्या आकाशाचा रंग कोणता आहे ते पाहावे. जो रंग दिसेल तोच खरा मानावा, ऐकलेला मानू नये.